नागाच्या शेपटीखालून

नॉम पेन्ह

आदरणीय फेलिस्मिना वन्सं,

इथूनच तुमचा हात कपाळाला लावते. गुडघा कसा आहे? माझी डुकरं तुमच्या भाजीत घुसत नाहीत ना? (घुसली तर हाकला, मारू नका. धाकटी गाभण आहे.)

निघताना मी दोन शब्द दिले होते. तुम्हाला, की तुमच्या भावाचं वर्ष भरेपर्यंत अंगावरचं काळं उतरवणार नाही. आणि नतालियाला, की तिच्या तायक्वांदोच्या लढतीत तिच्या बाबांच्या, प्रशिक्षकाच्या खुर्चीत मी बसेन. हे दोन शब्द एकमेकांशी भांडतील, हे आपल्या दिली शहराच्या विमानतळावर कोणी बोललं नाही.

इथली माणसं शोकात पांढरं घालतात, वन्सं. काळं कोण घालतं ते मला स्पर्धांच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी कळलं. आपल्या देशाचं पथक लाल-पिवळ्यात रांगेला उभं होतं आणि मी मोरी शोधत होते. कानाला बोलायचं यंत्र लावलेली एक मुलगी धावत आली आणि दंडाला धरून मला एका बोळातून घेऊन गेली. तिथे माझ्यासारखीच काळ्या कपड्यातली बरीच माणसं. मला भडभडून आलं. एवढी घरं एकदम कशी उजाड झाली? शेजारणीचा हात धरून मी म्हटलं, देव त्यांना शांती देवो. तिने मान डोलावली आणि माझ्या हातात बांबू दिला. बांबूवर कापडी नागाची शेपटी होती. ती नाग नाचवणारी मंडळी निघाली. प्रेक्षकांना दिसू नयेत म्हणून काळ्यात. (आपण काळं घालतो ते लोकांना दिसावं म्हणून. यावर मी अजून विचार करते आहे.) बांबू टाकावा तर शेपटी लोंबणार, तीही परक्यांची. म्हणून नाचले, पण जमेल तितकं दुःखी. आपलं पथक शेजारून गेलं तेव्हा नतालियाने ओळखलं.

"आई, तू नागात काय करतेस?"

"मला माहीत नाही. तू समोर बघून चाल."

लढतीच्या दिवशी मला खुर्चीपाशी अडवलं. बसायचं तर पथकाचं लाल जाकीट हवं. (नियम मी बोट ठेवून वाचले होते, कपड्यांचं पान कसं सुटलं कोण जाणे.) पथकप्रमुख झेकारियास म्हणाले, "वहिनी, मी बसतो." नतालिया म्हणाली, "काका, तुम्ही सरावातसुद्धा घोरता." मग माझ्याकडे वळून, हळूच, "आई, ती खुर्ची रिकामी दिसली तर मला पाय उचलता येणार नाही."

मी जाकीट घातलं. मधल्या विश्रांतीत सल्ला द्यायचा असतो. मी पाणी दिलं आणि नाक पूस म्हटलं. ती हसली, आणि हरली. पण दोन्ही पाय उचलले.

तुमची भावजय,
एस्कोलास्तिका

ता. क. पेपरात फोटो येईल. त्यातली लाल, जाड बाई मीच. जाड यासाठी, की आत काळा झगा तसाच होता. उतरवलं काहीच नाही, वरून चढवलं. शब्द मोडला का, ते तुम्हीच सांगा.

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. लढत चालू होती तोवर तुमचा भाऊ गेला आहे, हे मी विसरले होते. पंचावर ओरडतही होते. काळं सोडण्याचा विधी थोडा लवकर करता येईल का? किंवा वर्षाच्याही पुढे ढकलता येईल का? दोन्हींतलं काय मागते आहे ते मला कळत नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही ठरवा.