‘बाबा न्हाय म्हनतात’

बाई,

तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी शुद्धलेखन सांभाळूनच लिहितो आहे. माझ्या नातीला विद्यापीठात इंग्रजी आणि लेखन शिकायचं आहे. हो, कविता-कथा लिहायला शिकवतात म्हणे, पदवीसकट. दोन ठिकाणी नाव लागलं आहे, शनिवारपर्यंत एक निवडायचं. एक जाऊन-येऊन करण्याजोगं, दुसरं लांब डोंगरात, वसतिगृहाचं. तिचं मन डोंगरातल्यावर आहे. माझं कशावरच नाही.

डोंगरातल्याचं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. ‘इथे तुम्हाला तुमचा आवाज सापडेल’ असं छापलंय. हरवला कधी होता? फोन केला तर पलीकडचा म्हणतो, "सर, दोनच सीट उरल्यात, आजच कन्फर्म करा." इकडे वळ गावात गोदामाचे गाळे विकणारे अस्संच बोलतात. दुसऱ्या ठिकाणी कुणी फोनच उचलला नाही, म्हणून त्यांच्यावर जरा विश्वास बसला. मग त्याचाही संशय आला.

"तिथे पोएट्रीचं वर्कशॉप असतं, आजोबा," नात म्हणाली.

आमच्या धामणकर नाक्यावर वर्कशॉप म्हणजे पॉवरलूमचे झिजलेले पार्ट दुरुस्त करून देणारा. मी म्हटलं, "कविता लेथवर चढवणार काय?"

"तसंच. मी वाचायची, बाकीच्यांनी घासायची."

"आणि झिजून गेली तर?"

"तुम्हाला संशय कॉलेजचा आहे की माझा?"

मी म्हणालो, "माझं जाऊ दे. तुझ्या बाबाला नाही चालणार." ती माहितीपत्रक उचलून आत गेली.

बाई, मराठी घेऊन बीए कर म्हणून तुम्ही मला ठाण्याच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला होतात. मी वर्गाच्या दारात उभा आहे, तुम्ही वह्या तपासताय, आणि मी सांगतो, "बाबा न्हाय म्हनतात." एरवी माझा एकही ‘न्हाय’ तुम्ही सोडला नाहीत, ‘ण’ तर घोटून घ्यायचात. त्या दिवशी काही सुधारलं नाहीत. नुसतं बघितलंत आणि फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवलीत. तुम्हाला कळलं होतं, असा मला आजवर संशय आहे. बाबांना मी विचारलंच नव्हतं. ते हो म्हणाले असते तर? ठाण्याच्या पोरांपुढे उभं राहून तोंड उघडावं लागलं असतं.

या पाकिटावर पत्ता काय घालणार, म्हणून सांगून टाकतो. मुलगा समोर बसून चहा पितोय. त्यालाही मी काही विचारलेलं नाही.