सौम्य चाव्याची खोली

४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास! हॉटेलात बशा विसळण्यापासून सुरुवात केली, आज सर्पसंग्रहाचा व्यवस्थापक. सापांची राखण करणारे काका म्हणाले, साहेब, आमचे साप पाहुण्यांपेक्षा बरे, सल्ले देत नाहीत. शेवटच्या पेटीत एक तपकिरी, बिननावाचा. विष सौम्य. दात पार मागे, म्हणून चावला की चघळत बसतो.

९ मार्च
हौस नडली. पेटी साफ करताना त्या तपकिरी सापानंच अंगठा चघळला. इथली रीत अशी, की सौम्य चावा झाला की तीन तास विसाव्याच्या खोलीत, बाहेरून कडी. मागे एक जण विषानं नव्हे, भीतीनं धावत सुटला आणि जिन्यावर पाय मोडून बसला. अर्ध्या तासात मीही दार बडवलं, घसा आवळतोय म्हणून ओरडलो. काकांना दया आली, उघडलं. अंगठा सुजला, खाजला, बस्स. दिवसभर माणसं तोंड फिरवून हसत होती; माझे कान तिखट, सगळं ऐकलं.

१० मार्च
नियम लिहून खाली सही ठोकली. कोणी कितीही बडवो, अगदी मीसुद्धा, तीन तासांआधी दार उघडायचं नाही. काका म्हणाले, आता साहेब शोभता.

२३ मार्च, दुपारी १२
पुन्हा तोच साप, तोच अंगठा. हसतहसत आत आलो. मोबाइल बाहेर टेबलावरच राहिला. साप शिरू नये म्हणून दाराला चहूबाजूंनी रबर. चिठ्ठीसुद्धा सरकणार नाही. काका बाहेर स्टुलावर.

१२.१५
ही खाज वेगळी. तळवे, टाळू, कानांच्या आत. अंगभर गांधी उठल्यात. ओठ जाड.

१२.२०
बडवलं. ओरडून सांगितलं, घसा आवळतोय, डॉक्टर बोलवा. काका हसले. म्हणाले, मागच्या खेपेलाही असंच म्हणाला होतात, साहेब, आणि सही तुमचीच आहे.

१२.२५
मधमाश्या पाळणारा मावसभाऊ — त्याचंही दुसऱ्या डंखालाच असं झालं. पहिल्यांदा शरीर नुसती ओळख करून घेतं. वैर दुसऱ्यांदा —

१२.३०
आवाज फुटत नाही. श्वासाची शिट्टी. मुठीत जोर नाही, नखांनी दार —

काका कोणाला तरी सांगतायत, साहेब गप झाले, डोळा लागला असेल, गडी धीराचा.

स्टूल सरकलं. कडी वाजली — उघडतायत —

नाही. कुलूप. जेवून येतो म्हणाले. किल्ली खिशात पड—

पावलं जिन्या—