सहाव्या भोकातला स्क्रू

मी, बंदुकीचे लाकडी दस्ते बनवणारा आणि दुरुस्त करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. कोणाचा दबाव नाही. लेकीने चष्मा शोधून दिला, एवढाच काय तो तिचा यात हात. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मेहुणा त्यावर शंका घेईल. आयुष्यभर घेतली, आणखी एकदा घेऊ द्यावी.

१. दुकानावरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान माझ्या एकुलत्या एक लेकीला. जिन्याची तिसरी पायरी करकरते. ती मी मुद्दाम ठोकली नाही. माझी बायको बाहेरून आली की त्या आवाजाने कळायचे आणि मी सिगारेट विझवायचो. तिला सगळे ठाऊक होते, हे ती गेल्यावर लेकीकडून कळले. आता सिगारेट सुटली, बायको राहिली नाही, पायरी तेवढी आहे. लेकीला ठोकायची तर खुशाल ठोकावी, पण माझ्यामागे.

२. बँकेतले जे असेल ते तिचेच. कागद वकीलबाईंकडे आहेत.

३. रेडिओ मेहुण्याला. त्यावर एकच स्टेशन लागते आणि ते कोणाचे ऐकून घेत नाही. दोघांचे छान जमेल.

४. शेजारच्या शिंप्याकडे माझा लाकूड आवळून धरायचा मोठा शिकंजा सोळा वर्षे पडून आहे. तो त्याने ठेवावा. मात्र मी भेट दिला असे सांगत फिरू नये. मी दिला नाही, त्याने परत केला नाही.

५. माझ्या मालकीची एकही बंदूक नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदुका खांद्याला लावून पाहिल्या, चालवली एकही नाही. दुकानात गिऱ्हाइकांच्या तीन दुनळी बंदुका आहेत. ज्याची त्याला, परवाना बघून परत द्यावी. एकीचा दस्ता अजून उतरवायचा आहे, तिला लेकीने हात लावू नये.

६. माझ्या पटाश्या, कानशी, रंधे, दस्ता वाकवताना जवसाचे तेल तापवायची कढई, आणि खिडकीखालचे कामाचे टेबल, हे सर्व माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला कुलपे-किल्ल्या करतो. कुलूपवाल्याला दस्त्यांची अवजारे कशाला, असे कोणीही विचारेल. त्याचे कारण मी सेहेचाळीस वर्षे पोटात ठेवले आहे, ते इथे लिहितो.

ते टेबल तात्यांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे. त्यावर आम्ही तिघे काम करायचो. तात्या मधे, दादा उजवीकडे, मी खिडकीशी. अक्रोडाचा भुसा आणि तापलेले तेल यांचा वास कपड्यांतून जात नसे. आई आमचे कपडे वेगळे धुवायची आणि रोज तेच बोलायची. दुपारी तात्या डोळे मिटून दस्त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, इथे अजून केसभर आहे. तिथे खरेच केसभर असायचे. ते दिवस मला फार आठवतात. त्यानंतर इतके चांगले दिवस मला आले नाहीत.

तर त्या वर्षी डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर नुकतेच वारले होते. त्यांची दुनळी बाईंना लांब पडत होती, बाई चणीने लहान. दस्ता उतरवायचा, मागून सव्वा इंच कापायचा, गाल टेकतो ती धार थोडी खाली घ्यायची, असे काम. बाईंची अट एकच. डॉक्टरांचा गाल टेकून टेकून लाकडावर एक गुळगुळीत, काळसर जागा झाली होती. तिला कानस लावायची नाही. तात्यांनी शब्द दिला.

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. बंदुकीचे स्क्रू जिथे असतात त्याच मांडणीने एका ठोकळ्याला भोके पाडायची, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात उभा करायचा. कोणीही मधेच उठून गेले तरी दुसऱ्याने ठोकळा बघितला की काम कुठवर आले ते कळे. त्या बंदुकीला सहा स्क्रू. सहावा लपलेला असतो. नळ्या उघडायचा वरचा खटका पूर्ण बाजूला दाबून धरला तरच तो दिसतो. दादाने नळ्या काढल्या, पाच स्क्रू काढले, आणि तात्यांनी हाक मारली म्हणून बाहेर गेला. मी आलो. मला वाटले, झाले सगळे. ठोकळ्याकडे बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. दस्ता धरून हिसका दिला.

लाकूड मुठीपासून फुटले, ते थेट त्या गालाच्या जागेतून.

मग मी ठोकळा पाहिला. सहावे भोक रिकामे होते. मी खटका दाबला, सहावा स्क्रू काढला आणि त्या भोकात उभा केला. मी घाबरलो होतो. दुसरे कारण नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

फुटके लाकूड जुळवून मी खिडकीशी जाऊन बसलो, आणि दादाने परत येऊन दस्ता उचलला तो त्याच्याच हातात दुभंगला. तात्या आले, सहाही स्क्रू बघितले, आणि दादाला म्हणाले की सगळे सुटे करूनही तू लाकूड फोडलेस, म्हणजे तुझा हात जड आहे. बाई फुटका दस्ता फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या. तात्या त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे होते. तसे ते कोणापुढेच उभे राहिले नव्हते. त्या संध्याकाळी दादाने मला बाजूला घेऊन विचारले, "धाकट्या, मी पाचच काढले होते ना रे?"

मी म्हणालो, "सहा होते."

महिनाभरात तो टेबलावरून उठला आणि कुलपांकडे गेला. आमच्यात भांडण झाले नाही. माझ्या लग्नात तो राबला, लेक झाली तेव्हा पाळणा त्यानेच आणला, तात्या गेले तेव्हा तोच पुढे होता. पण दुकानाचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही. काम असले की बाहेर उभा राहून बोलतो. ज्या हातांना तात्यांनी जड म्हटले ते जड नव्हते. हे मी शुद्धीत लिहीत आहे.

७. हे सारे माझ्यामागे उघडावे असा माझा बेत होता. लेकीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, काका एकोणऐंशीचे आहेत. ते आधी गेले तर?" म्हणून सहीआधी दादाला बोलावणे पाठवले आहे. तो येतो की नाही, आणि आला तर पुन्हा माझे तोंड पाहील की नाही, ठाऊक नाही.

ता. ११ मार्च २०२५, मंगळवार.

पुरवणी, ता. १३ मार्च २०२५, गुरुवार.

दादा आला. नेहमीसारखा बाहेर उभा राहिला. लेकीने कागद बाहेर नेऊन दिले. त्याने उभ्या उभ्या सगळे वाचले, रेडिओसकट. मग एक पान मागे उलटून पुन्हा वाचले.

"म्हणजे पाचच होते," तो म्हणाला.

मी म्हटले, पाचच. मला शिव्या दे, असेही म्हटले. तो म्हणाला, "शिव्या काय देऊ? सेहेचाळीस वर्षं मी लोकांच्या दाराचं कुलूप लावून निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत जातो, नीट लागलं का बघायला. बायको हसायची. मला वाटायचं, माझाच माझ्यावर भरवसा नाही."

मग तो आत आला. टेबलापाशी गेला, जिचा दस्ता उतरवायचा राहिला होता ती बंदूक पुढे ओढली आणि ठोकळा मागितला. नळ्या काढल्या. एकेक स्क्रू भोकात उभा केला. खटका अंगठ्याने दाबून धरून बराच वेळ आत बघत राहिला, मग सहावाही काढला. तळव्याने दोनदा हलकेच ठोकले. दस्ता त्याच्या हातात उतरला, ओरखडासुद्धा नाही. तो स्टुलावर बसून रडला. मी कोपऱ्यात उभा राहून रडलो. लेक वर पाणी आणायला गेली ती लवकर आली नाही.

माफ केलेस का, असे मी विचारले. ते बघू, म्हणाला. मी मरेपर्यंत टेबलासाठी थांबायची त्याची तयारी नाही. सोमवारपासून येणार आहे, आणि खिडकीची बाजू त्याला हवी आहे.

सबब कलम सहा रद्द. अवजारे आणि टेबल आज रोजी दादाच्या ताब्यात दिले. आता या मृत्युपत्राने त्याला काहीच मिळत नसल्यामुळे तो साक्षीदार म्हणून चालेल, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. धंद्याच्या रकान्यात त्यांनी आधीच लिहून आणले होते ते दादाने स्वतः खोडले आहे. ती खाडाखोड मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: सही (दस्तेवाला)

साक्षीदार १: सही. नाते: शेजारी. धंदा: शिवणकाम. (शिकंजा घेऊन आला होता. परत नेण्यास सांगितले, सबब कलम चारही रद्द.)

साक्षीदार २: सही. नाते: थोरला भाऊ. धंदा: ~~कुलपे-किल्ल्या~~ बंदुकीचे दस्ते.

ठिकाण: दुकान, तात्यांचे टेबल.