मागून येणारी काठी

शनिवार, ७ ऑक्टोबर १९९५

पळाले! चालले नाही, पळाले. तुबलीच्या खाडीकाठाने, सलवार-कमीजवर, डोक्याला ओढणी घट्ट बांधून आणि पायात ओर्लाचे जुने बूट. निघताना तळमजल्यावरच्या खदिजाभाभीने जिन्यात बूट बघितले. म्हणजे आतापर्यंत आमच्या अख्ख्या गुदैबिया मोहल्ल्याला कळलं असेल.

डॉक्टरने सांगितलंय, साखर काठावर आहे, रोज घाम काढा. माझ्या नवऱ्याचं, आकिबचं गॅरेज तुबलीत. उन्हाच्या आधी कामाला लागायचं म्हणून तो फजरची नमाज झाली की निघतो. मी त्याच्या पिकअपमध्ये बसते. तो शटर उघडून चहा टाकतो, तोवर माझं पळणं. मग तो मला हॉस्पिटलला सोडतो.

पण खाडीकाठी बघायला आहे काय? चिखल, गंजलेल्या गाड्या आणि वास. म्हणून ओर्लाने कॅसेटी दिल्या. ओर्ला आमच्या फिजिओथेरपीत आहे, आयर्लंडची. मी तिथेच काउंटरवर बसते. उन्हाळ्यात ती रजेवर घरी गेली होती. गावामागच्या टेकड्यांतून रोज पळायची, तेव्हा हातात रेकॉर्डर धरून माझ्यासाठी बोलत गेली. आता गेट आलं, आता चिखल आहे, सांभाळ. डावीकडे ओढा. दगडी बांध, पलीकडे मेंढ्या. म्हणाली, टेकडी कानात घाल आणि पळ.

वॉकमन लावला. ओल्या पानांवर तिचे बूट वाजत होते आणि माझ्या पायाखाली बहरीनची धूळ. मजा वाटली. घरी येऊन दोन पराठे जास्त खाल्ले.

मंगळवार, १० ऑक्टोबर

आज दुसरा रस्ता, जंगलातला. ओक, लार्च, काय काय नावं सांगते. मला कळतात ती नेची आणि शेवाळ. खेडला आमच्या घरामागे तेच होतं. अब्बा फॉरेस्टात गार्ड. सुट्टीत मला आणि बहिणीला, जुबैदाला, बरोबर न्यायचे आणि स्वतः काठी टेकत कायम मागे राहायचे. मागून चालणाऱ्याला सगळे दिसतात म्हणायचे. पुढे वाघ आला तर? असं विचारलं की म्हणायचे, तो तुम्हाला बघून पळेल.

घरी आल्यावर अब्बांची कॅसेट पुन्हा शोधली. नाही मिळाली.

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. आमच्याकडे पत्रं कोण लिहितो? जुबैदा टेप लावायची, अब्बा बोलायचे, आणि गावचा कुणी इकडे यायला निघाला की त्याच्या हाती कॅसेट. मीही तशीच पाठवायची. शेवटची कॅसेट वलीचाचा घेऊन आले ईदनंतर. अब्बा तर रमजानमध्येच दम्याने गेले होते. पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, मी जाऊ शकले नाही. मेलेल्या माणसाचं बोलणं ऐकायची हिंमत झाली नाही. बिस्किटांच्या डब्यात इतर कॅसेटींबरोबर ठेवली, वर नावसुद्धा घातलं नाही. आता ऐकावीशी वाटते तर ती तिथे नाही.

अब्बांनी शेवटी मला काय सांगितलं? मला दुसरं काही नको, एवढंच हवंय.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

जंगलातल्या कॅसेटवर ओर्ला एकटी नाही.

आधी वाटलं माझाच श्वास. थांबले. माझा थांबला, तो चालूच. तिच्या मागून कुणीतरी येतंय, पळत नाही, चालतंय. तरी तिच्यापासून लांब राहत नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर

ओर्लाला विचारलं, बरोबर कोण होतं? म्हणाली, कोणीच नाही. बहिणीला पळायचा कंटाळा, कुत्रा म्हातारा. मेंढी असेल, म्हणून हसली.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या कानाला लावलं. ओढ्याजवळचा तुकडा. तिथे ती कॅसेटवर थांबते, "हॅलो?" म्हणते, कोणी उत्तर देत नाही, मग जोरात पळत सुटते. हे मी आधी नीट ऐकलंच नव्हतं. ओर्लाचं हसू गेलं. म्हणाली, हो, आठवतं, फॉरेस्टचा माणूस मागून येतोय असं वाटलं होतं. वळून बघितलं तर कोणी नव्हतं.

मग सँडविच तसंच ठेवून ती पेशंटकडे गेली.

सोमवार, १६ ऑक्टोबर

काठी आहे.

श्वास, दोन पावलं, आणि टक्. खाली लोखंडी टोपण बसवलेली काठी दगडावर पडली की असाच आवाज होतो. श्वासाला शिट्टी आहे, दम्याची. मी वॉकमन बंद केला. समोर पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, एकही हलत नव्हता.

गॅरेजपर्यंत कशी आले माहीत नाही. आकिबला सांगितलं, अब्बा आहेत. वाटलं, हसेल. हसला नाही. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "नुसरत, जरा ऐकशील काय? रागावू नको."

ओर्ला रजेवर निघाली तेव्हा तिने कोऱ्या कॅसेटी मागितल्या होत्या. मी ड्युटीवर. आकिबने बिस्किटांचा डबा उघडला आणि नाव नसलेल्या तीन काढून दिल्या. जुन्या होत्या, मागच्या पट्ट्या तुटलेल्या, म्हणून त्या खाचांत कागद कोंबला, म्हणजे वरून नवं भरता येतं. सगळे तेच करतात. कोरी कॅसेट विकत कोण घेतो!

"मला वाटलं गाण्याच्या हायत गो. नाव नव्हतं ना वर."

टॅक्सी करून घरी आले. हॉस्पिटलला फोन केला, ताप आहे म्हणून.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आकिबशी बोलत नाही. त्याचा डबाही भरला नाही. खाऊ दे हॉटेलात.

अब्बांचं शेवटचं बोलणं, त्याच्यावर ओर्लाच्या मेंढ्या!

बुधवार, २५ ऑक्टोबर

बोलणं झालं. किती दिवस धरणार? त्याने स्वतःच रेकॉर्डरवाल्याला विचारून आणलं होतं. रेकॉर्डर जुना असला की आधीचं पूर्ण पुसत नाही, खाली थोडं राहतं. आकिब दारात उभा राहून सांगत होता, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "शब्द गेले. पण श्वास ऱ्हायलाय तुझ्यासाठी, इतकं तरी ऱ्हायलं." त्याच्याच डोळ्यांत पाणी. मग मला राग धरता येईना.

म्हणजे अब्बा बोलताना काठी आपटत असणार. ती सवय होतीच.

शनिवार, ४ नोव्हेंबर

रोज पळते. डॉक्टर खूश, साखर उतरली. खदिजाभाभी म्हणते, "काय गो, कुणाच्या मागं लागलीस?" मी म्हटलं, मागे नाही, पुढे.

भीती गेली असं म्हणत होते स्वतःशी. गेली नाही. पण सोडवतही नाही. ओर्ला सांगते, आता चढ, आता उतार, आणि त्या ओल्या रानात तिच्या मागे अब्बा. इथे मी सपाट जमिनीवर धापा टाकत. आम्ही तिघं एका रस्त्याने.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज टेकडीची कॅसेट लावली, पहिली. त्यातही काठी. मग तिसरीही लावून बघितली, तळ्याभोवतीची. त्यातही.

अब्बांची कॅसेट एकच होती. आकिबला हे सांगितलं नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पूर्वी काठी लांब होती, ओर्लाच्याही मागे. आता ती ओर्लाच्या पुढे आलीय. कॅसेट तीच, मग आवाज जवळ कसा येतो? ओर्लाने आता ऐकायलाच नकार दिला. "प्लीज नुसरत, नो." तिन्ही कॅसेटी परत मागितल्या, मी दिल्या नाहीत. कशा देणार?

मागच्या आठवड्यापासून ती जिममध्येच मशीनवर पळते, भिंतीकडे तोंड करून.

रविवार, १९ नोव्हेंबर

अर्ध्यावर वॉकमनची बॅटरी संपली. मी शेवटपर्यंत पळाले. वळून बघितलं नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

खदिजाभाभी कायमची निघाली, नवऱ्याचा व्हिसा खलास. दिवसभर तिचं सामान बांधू लागले. जाताना रडली, मीही रडले. आता जिन्यात माझ्या बुटांवर नजर कोण ठेवणार?

पलंगाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली. "ही तुझीच. अजराच्या हळदीला गाण्याच्या कॅसेटी आणल्या होत्या ना तुझ्या डब्यातून. ईदनंतर. द्यायची ऱ्हायली बघ." अजरा तिची मुलगी. लग्न ईदनंतर लगेच होतं, मी तेव्हा कशातच नव्हते. तिने डब्यातून काय नेलं ते मी बघितलं नव्हतं.

पिशवीत गाण्याच्या कॅसेटी आहेत. आणि एक बिननावाची, मागच्या पट्ट्या साबूत, कागद कोंबलेला नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर

पळायला गेले नाही. आकिब गेल्यावर दार लावून कॅसेट लावली.

अब्बा. स्वच्छ, जवळ बसल्यासारखे. आंब्याचा मोहर, जुबैदाची म्हैस, औषध कडू. काठीचा आवाज कुठेच नाही. शेवटी म्हणाले —

"काल स्वप्नात रानात गेलतो गो. आपलं रान नाय. ओलं, थंडगार, दगडाचे बांध. फुडं एक गोरी बाय पळत होती, आपल्याशीच बोलत. ओढ्यापाशी थांबली, वळून बघितलंन, तिला मी दिसलो नाय. वाटलं, हिच्या मागं मागं गेलं की नुसरत भेटंल. म्हणून चालतंय. दमलो, पण चालतंय. तू फुडं बघ, वळू नको. मी येतंय."