लुकलुकणारा निळा दिवा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खोकं आलं. अनिश नाही आला — खोकं आलं! हैदराबादहून. आत व्हिडिओ गेमची कोरी पेटी, काळी, चकचकीत, जोडीला कंट्रोलर. मग लेकाचा फोन: "आई, बाबांच्या हातासाठी आहे. वेदिका मॅडमच म्हणाल्या ना, गेम खेळवा म्हणून."

म्हणाली होती. नागसेनला लकवा मारून चार महिने झाले. रबरी चेंडू दाबायला तो तयार नाही. गेमने तरी बोटं हलतील, असं ती व्यायाम करवून घेणारी पोरगी म्हणाली होती. पण लावून कोण देणार?

"यूट्यूबवर बघ ना आई. सोपं आहे."

सोपं आहे तर ये ना एक दिवस.

बुधवार, १२

काळा पडदा. 'सिग्नल नाही.' वायर काढली, लावली, काढली, लावली. तास गेला. नागसेन खुर्चीतून बघत होता. (वहीत तरी नाव घेते. तोंडाने आजही 'अहो'च.) जरीपटक्याच्या बाजारात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस! एका नजरेत चूक कळली असणार. पण लकव्यापासून तोंडातून एकच शब्द निघतो — "नाही". भूक लागली तरी नाही, पाणी हवं तरी नाही.

मी टीव्हीच्या मागे हात घातला की, "नाही! नाही!"

शेवटी सापडलं. वायर दुसऱ्या भोकात आणि टीव्ही पहिल्यावर लावलेला. रिमोटने 'दोन' केलं, चित्र आलं. एवढंच होतं! तीस वर्षं मला स्क्रूला पेचकस लावू दिला नाही. "तुले काय समजते त्यातलं? हो तिकडे." गिऱ्हाइकांसमोर. सगळं एवढंच असायचं का?

शुक्रवार, १४

आता म्हणे अपडेट. ब्याण्णव टक्क्यांवर जाऊन बसलं ते हलेचना. अनिशला फोन केला. "मीटिंगमध्ये आहे आई." मग मीच शोधलं. वायफायचा डबा पलीकडच्या खोलीत, मधे भिंत. शाळेच्या नोकरीवरून येताना लांब वायर आणली, डब्यातून थेट पेटीत घातली, पेटी बंद करून पुन्हा चालू केली. वीस मिनिटांत झालं.

कोणीच बघितलं नाही. म्हणजे, नागसेनने बघितलं. ते कोणीच नाही.

रविवार, १६

खेळला! फुगे फोडायचा गेम. उजव्या हाताची बोटं थरथरत होती, पण बटण दाबलं. दहा मिनिटं झाली आणि पेटी आपोआप बंद. हात लावला तर तव्यासारखी तापलेली! धूळ बसू नये म्हणून मीच तिच्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं, वर शोकेसच्या काचेमागे ठेवली होती. जीव घुसमटला बिचारीचा. बाहेर काढली, टेबलावर ठेवली, भिंतीपासून वीतभर लांब. आता चालते.

माझं मलाच हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

सोमवार, १७

ओमप्रकाशभाई आले. नागसेनच्या दुकानाला लागून त्यांचं घड्याळांचं दुकान. पडद्यावर फुगे फुटताना बघून खूश! "वा भाभी! आदमी बीमार असला तरी मेकॅनिक तो मेकॅनिकच. नागसेननंच लावलं ना हे सगळं?"

मी नागसेनकडे बघितलं. 'नाही' हा एक शब्द तर येतो त्याला! दिवसभर दुसरं बोलतो काय?

तो नुसता हसला.

मंगळवार, १८

आज कंट्रोलर पेटीला जुळेना. त्याचा निळा दिवा नुसता लुकलुकतो, पडद्यावर काही हलत नाही. इलाज मला लगेच सापडला — कंट्रोलरच्या मागच्या बाजूला बारीक भोक आहे, त्यात सुई दाबून धरायची, मग वायरने पेटीला जोडायचं. सुई काढली.

परत डबीत ठेवली.

"बिघडलं वाटते," मी म्हणाले. "मले काय समजते त्यातलं?"

बुधवार, १९

मी शाळेतून आले तेव्हा तो तसाच बसला होता. कंट्रोलर हातात, बटणं दाबत. फुगे जागच्या जागी. मी समोर बसून मेथी निवडली. पाऊण तास तो दाबत राहिला, मी बघत राहिले. एकदाही 'नाही' म्हणाला नाही.

बरं वाटलं. लिहूनच ठेवते — बरं वाटलं!

गुरुवार, २०

आजही तसाच. दाबतोय, दाबतोय. कपाळावर घाम.

आज बरं वाटलं नाही. सुई आणली, भोकात दाबली, पाच आकडे मोजले, वायर लावली. दिवा स्थिर झाला. फुगे उडायला लागले. "झालं दुरुस्त," म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

कुणाला सांगू हे?

शुक्रवार, २१

वेदिका येऊन गेली. उजव्या हाताची पकड वाढली म्हणे. "काकू, लयच खेळवून राहिल्या वाटते तुम्ही काकांना!"

मी चहा ठेवायला आत गेले.

शनिवार, २२

सकाळी चहा द्यायला गेले. नागसेनने कंट्रोलर पालथा धरला होता, अंगठा बरोबर त्या बारीक भोकावर. माझ्याकडे बघून म्हणाला,

"मले... मालूम... होतं."