सचिवाचं लॉगिन

चेरीताल, जबलपूर
रविवार, ८ जून २०२५

प्रिय प्रणोती,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पोस्टातून. आई बरी आहे. गुडघा बरा नाही, पण गुडघ्याचं कोण ऐकतं? कूलर आठवडाभर नुसती गरम हवा फेकून राहिला आहे. तुझी वहिनी दीपा आठवण काढते.

बातमी आपल्या मराठी मंडळाची. आपल्या वेबसाइटला जागा देणारी कंपनी महिनाअखेर दुकान गुंडाळते आहे. नवं होस्टिंग निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सचिव. शिवाय स्मरणिकेत लोकांची टिंगल टाइप करतो, म्हणजे मला कॉम्प्युटर येतो असा समज आहे.

नेपियर टाउनमध्ये पियूषला गाठलं. आपली साइट त्यानेच बांधलेली. म्हणाला, "काका, गिटवालं घ्या. कोणी काय बदललं, कधी बदललं, सब दर्ज राहते. पुसलेलं वापसही आणता येते."

मंडळाला हेच हवं, असं मला वाटलं. इतकी वर्षं सचिव राहूनही मला मंडळ कळलेलं नाही.

बैठकीत बेबीताईंनी विचारलं, "म्हणजे कोणी काय काढलं ते दिसून राहील?"

"हो."

"नावासकट?"

"हो."

मग अध्यक्ष शरच्चंद्रजी, तुझे माजी सासरे, घसा साफ करून म्हणाले, "आपण सगळी घरची माणसं. घरात पहारा काहून बसवायचा?" टाळ्या. बिनागिटवालं मंजूर. समोसे आले.

मीही खाल्ला. चांगला होता.

आता ते, जे मी तुला सांगायचं टाळून राहिलो. विपुलपासून तू वेगळी झालीस, त्याच महिन्यात तुझ्या शनिवारच्या मराठी वर्गाचं पान साइटवरून गेलं. मुलांनी घरोघरी जाऊन रेकॉर्ड केलेले म्हातारे-म्हाताऱ्या, त्यांची बोली, सगळं. तू एवढंच विचारलंस, "दादा, कोणी काढलं?" मी म्हणालो, बघून सांगतो.

परवा बघितलं. पियूषने जुन्या साइटलाही गिट लावूनच ठेवलं होतं. "काका, पान आहे. पूरं आहे." मी त्याला दोन वेळा चहा पाजला. मग विचारलं, "आणि काढलं कोणी?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुम्ही."

मंडळात लॉगिन एकच आहे, सचिवाचं. पासवर्ड मीच ग्रुपवर टाकला होता, घरच्या माणसांसाठी. त्यामुळे चार वर्षांत ज्याने जे केलं, ते मी केलं आहे. हेमलताबाईंचे हळदीकुंकवाचे फोटो मी चढवलेत. वाढदिवसाला शरच्चंद्रजींना 'युगपुरुष' मी म्हटलंय. आणि तुझं पानही मीच काढलंय.

"मग खरं कोणी काढलं, ते कळेल का?"

"चलो, आता ते भगवानलाच विचारा."

आता पुढच्या बैठकीत कोणाकडे बघावं, हेही कळत नाही. सगळेच घरचे.

पियूष म्हणाला, नुसतं पान देऊ की मागचा सगळा इतिहास, नोंदींसकट? नुसतं पान घेतलं असतं, तर माझं नाव कुठेच आलं नसतं. पण बळीराममामांचं पहिलं रेकॉर्डिंग फक्त त्या इतिहासात आहे. खोकला फार म्हणून तू नंतर बदललेलं, ते. मामांचा तेवढाच एक लांब आवाज उरला आहे. त्यात ते मुलांना गोहलपुरातल्या बिडीवाल्यांच्या शिव्या शिकवतात, आणि तू मागून "मामा, मुलं आहेत!" म्हणून ओरडतेस.

म्हणून सगळंच घेतलं. पेनड्राइव्ह सोबत आहे.

उघडशील तेव्हा सर्वांत वर दिसेल: पान काढलं, श्रीरंग. प्रणोती, मी काढलं नाही. याला माझ्याकडे पुरावा नाही. उलटा आहे, तो मीच तुला पाठवून राहिलो.

जमलं तर आधी मामांना ऐक. नोंद नंतर वाच.

नोंदीतला, आणि तू म्हणशील तर तुझाही,
दादा