बोअर क्रमांक एकोणीस

मी, मीनाक्षी अनंतराव सेलूकर, वय ७१, अविवाहित, भूशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी खाली दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आजवर कोणाला टाकता आला नाही, हे माझे नातेवाईक शपथेवर सांगतील. २०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात स्वतःबद्दल मी 'काही वर्षे परदेशी कंपनीत नोकरी' एवढेच लिहिले होते. ते आता पुरत नाही.

१. ज्योतीनगरचे राहते घर माझी विद्यार्थिनी आणि आता माझ्याच महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणारी तनुजा कारभारी गाडे हिला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मात्र घराच्या मागच्या दोन खोल्यांत आवडाबाई हयात असेपर्यंत राहतील. आवडाबाई खुलताबादच्या. गेली बावीस वर्षे माझे घर त्यांनी चालवले आहे. त्यांच्याकडून भाडे किंवा विजेचे बिल घेऊ नये.

२. बँकेतल्या ठेवींपैकी निम्म्या आवडाबाईंना द्याव्यात. उरलेल्या महाविद्यालयाकडे सोपवाव्यात आणि त्यातून भूशास्त्राच्या मुलींच्या अभ्याससहलींचा खर्च व्हावा. या अटीमागचे कारण लिहून ठेवते.

माझे वडील, ज्यांना मी नाना म्हणत असे, जायकवाडी धरणाच्या कामावर कारकून होते. पैठणला त्यांच्या कचेरीमागे धरणाच्या पायासाठी जमिनीतून काढलेले दगडाचे दंडगोल पेट्यांत रचलेले असत. सुट्टीत मी ते ओले करून बघत बसायची. पुढे भूशास्त्रच घेतले. १९७५ साली कर्नाटकातल्या खाणी बघायला वर्गाची सहल निघाली, तेव्हा नानांचे थोरले भाऊ आप्पासाहेब घरी आले.

"अनंता, पोरगी पंधरा दिवस परक्या पोरांबरोबर डोंगरात राहणार? लोकं काय म्हणतील?"

नानांनी परवानगीचा कागद पुढे ओढला, त्यांच्यादेखत सही केली आणि म्हणाले, "लोकं आपल्या घरी जेवायला नाहीत, आप्पा."

आप्पासाहेब त्यानंतर तीन वर्षे आमच्याकडे आले नाहीत. ज्या मुलीच्या घरात सही करणारे नाना नसतील, तिची निदान पैशाने अडचण होऊ नये, एवढ्यासाठी ही तरतूद.

३. हातोडी, भिंग आणि होकायंत्र तनुजाकडे जावीत. हातोडीचा दांडा तीनदा बदलला आहे. चौथ्यांदा बदलायची वेळ आली आहे.

४. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेला वीतभर लांबीचा करडा दंडगोल महाविद्यालयाच्या संग्रहालयाला द्यावा. तो चिलीच्या उत्तरेकडच्या एका डोंगरातला आहे. १९९४ साली मी तो कोणालाही न विचारता बॅगेत घातला आणि दोन वर्षांनी परत येताना आणला. तशी लेखी कबुली मी मागच्या वर्षी तिथल्या खाणीच्या मालकांना दिली आणि 'ठेवून घ्या' असे उत्तर आले. आता त्याच्यावर कोणाचा दावा नाही. पेटीशेजारी पुढील मजकूर मराठीतच लावावा:

'दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर समुद्रतळाचा जड खडक खंडाखाली सरकत जातो, वर्षाला काही बोटे इतकाच. त्याच्या खनिजांत पाणी अडकलेले असते. सुमारे शंभर किलोमीटर खाली ते सुटते आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरते, त्यामुळे तो खडक वितळू लागतो. हा रस पाणी, गंधक, तांबे आणि सोने पोटात घेऊन वर चढतो. ज्वालामुखीच्या खाली दोन-चार किलोमीटरवर तो थिजू लागला की तापलेले पाणी त्यातून वेगळे होते, आजूबाजूचा खडक तडकवते आणि निवताना तांबे-सोने त्या तडांत ठेवून जाते. मधला सर्वांत तापलेला भाग काळ्या अभ्रकाचा होतो, त्याभोवती पांढऱ्या अभ्रकाचा, आणि त्याबाहेर हिरव्या खनिजांचा. धातू बहुतेक मधल्या भागात असतो. एका टन खडकात सोने मसुरीच्या दाण्याएवढे. पण डोंगर फार मोठा असतो.'

आपल्याकडचा काळा पाषाण वेगळ्या रीतीने आलेला आहे. त्यात हे शोधू नये. माझा चुलतभाऊ श्रीरंग याने शेतात विहिरीचे बोअर घेताना मला तसे दोनदा विचारले होते.

आता या तुकड्याची हकीकत. डॉक्टरेटनंतर मी चिलीत एका परदेशी कंपनीत लागले. आमचे साहेब लिंडक्विस्ट. त्यांनी त्या डोंगरावर दोन वर्षांत अठरा बोअर घेतले. बाहेर आलेला खडक तपासून नोंदवायचे काम माझे. प्रत्येक बोअरमध्ये लोखंडाचे फसवे पिवळे खनिज चमकत होते, तांबे नावाला. आणखी खोल गेले, तरी तेच. कंपनीने काम गुंडाळायचे ठरवले.

मी मात्र अठराही बोअरच्या नोंदी जमिनीवर पसरून बसले होते. पूर्वेला हिरवी खनिजे, आणि पश्चिमेला जावे तसा पांढरा अभ्रक वाढत होता. मग एका घळीत ज्वालामुखीच्या राखेचे थर दिसले. राख पडते तेव्हा आडवी पडते. इथले थर जवळजवळ उभे होते. म्हणजे सगळा डोंगर, आतल्या धातूसकट, नंतर कधीतरी कलंडला होता. पूर्वी जे खाली होते, ते आता पश्चिमेला होते. आम्ही दोन वर्षे चुकीच्या दिशेला खोल जात होतो.

मी साहेबांना डोंगराच्या पश्चिमेचे वाळूगोट्यांचे सपाट मैदान दाखवले.

ते म्हणाले, "तिथे काहीच दिसत नाही."

"म्हणूनच कोणी पाहिलं नाही," मी म्हणाले. "एक बोअर द्या. रिकामा गेला तर हा माझा राजीनामा." बोअरच्या परवानगीचा कागद आणि राजीनामा, दोन्ही मी लिहूनच नेले होते. वय चाळीस, हातात दुसरी नोकरी नाही, आणि नोकरी गेली की महिनाभरात देश सोडायचा.

त्यांनी दोन्ही कागद वाचले. राजीनामा खिशात घातला आणि बोअरच्या परवानगीवर सही केली. यंत्र चालवणारा एलिओ जुना खाणकामगार होता. बाई खाणीवर आली की धातू रुसतो, असे त्याचे साथीदार म्हणत. एलिओ मला म्हणाला, "रुसलेला दोन वर्षं बघितलाय मी. आता तुम्ही सांगाल तिथं."

पहिले नव्वद मीटर नुसते गोटे. पुढे धुपलेला तांबूस खडक, त्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माणसाकरवी विचारले, सामान बांधायला घेऊ का. तिसऱ्या दिवशी दुपारी, दोनशे बारा मीटरवर, एलिओने नळीतून खडक बाहेर सरकवला आणि यंत्र बंद केले. करडा खडक, काळे अभ्रक, गारेच्या शिरांचे जाळे, आणि शिरांत पितळी पिवळे आणि जांभळे खनिज: दोन्ही खनिजे तांब्याची. मी खाली बसले. एलिओने टोपी काढली आणि आपल्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्या खडकाच्या पेटीवर मी पेन्सिलने देवनागरीत लिहिले: 'इथे सुरू झाले. नानांना कळवायचे. मीनाक्षी.' खाली तारीख घातली.

तो खडक पुढे आणखी तीनशे चाळीस मीटर संपला नाही.

कंपनीने शोध जाहीर केला. त्यात नाव लिंडक्विस्ट यांचे होते. माझे कुठेही नव्हते. १९९६ मध्ये नाना आजारी पडले म्हणून मी परत आले. शोधाच्या बातमीचे मी आणलेले कात्रण वाचून त्यांनी विचारले, "यात तू कुठं आहेस?"

"नाही, नाना."

"मग तू सांग. मी ऐकतो."

मी सकाळपासून सांगत होते, ते उशीला टेकून ऐकत होते. मध्येच थांबवून कलंडलेला डोंगर त्यांनी ताट तिरके धरून समजून घेतला. त्यानंतर दीड महिन्याने ते गेले.

५. लिंडक्विस्ट यांच्याबद्दलचा राग. तो कोणालाही वारसाहक्काने मिळू नये. मागच्या वर्षी मार्चमध्ये तनुजा मोबाईल घेऊन घाईने घरी आली. त्या खाणीचे मालक आता वेगळे आहेत. ते जुन्या खडकपेट्यांची छायाचित्रे काढत होते. एका पेटीवर त्यांना न वाचता येणारी ओळ सापडली. मोबाईलने भाषा मराठी असल्याचे सांगितले, जुन्या हजेरीपटात सेलूकर नाव निघाले, आणि शोधत शोधत पत्र आमच्या महाविद्यालयात पोचले.

"मॅडम," तनुजा म्हणाली, "हे तुमचं अक्षर आहे."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. माझेच होते.

नव्या मालकांकडे साहेबांच्या जुन्या फायलीतला परवानगीचा कागदही होता, राजीनामाही होता. ऑक्टोबरमध्ये खाणीचा नवा अहवाल आला. त्याच्या दुसऱ्या पानावरचे वाक्य असे: 'हा साठा मीनाक्षी सेलूकर यांनी बोअर क्रमांक एकोणीसची जागा ठरवून शोधला.' मी ते मोठ्याने वाचले. आवडाबाईंनी ते परत वाचायला लावले, आणि मग म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं मनात ठेवून ऱ्हायलात व्हय?"

लिंडक्विस्ट साहेब हयात नाहीत. त्यांनी माझे नाव गाळले, हे खरे. त्यांनी त्या दिवशी सही केली, हेही खरे. हिशेब संपला.

६. आप्पासाहेबांचा मुलगा श्रीरंग गुलमंडीत कापडाचे दुकान चालवतो. गेली तीस वर्षे 'ही तिकडे कारकुनी करायची' अशी माझी ओळख तो करून देत आला आहे. त्याला अहवालाची एक प्रत, मराठी भाषांतरासह, चांगल्या पुठ्ठ्यात बांधून द्यावी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचावी. कारकुनीत कमीपणा नसतो, हेही त्याला सांगावे. माझे वडील कारकून होते.

७. हे मृत्युपत्र आजच का, ते शेवटी लिहिते. खाणीने मला बोलावले आहे. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला मी तनुजासोबत विमानाने निघत आहे. जागा बारा हजार फुटांवर आहे आणि माझे हृदय पूर्वीसारखे नाही. तिथे माझे काही झाले, तर तिथेच अग्नी किंवा माती, जे जवळ असेल ते द्यावे. शव आणण्याचा खटाटोप करू नये. म्हातारपणी कशाला गेली, असे कोणी म्हणाल्यास माझ्या वतीने तनुजाने सांगावे, की ती आपण उघडलेली खाण बघायला गेली.

परत आले, तर हातोडीचा दांडा मी स्वतः बदलेन.

वरील मजकूर मी लिहिला, मला तो मान्य आहे.

(सही) मीनाक्षी अनंतराव सेलूकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली आणि ज्यांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

(सही) राजकुमार माऊली शेळके, शेजारी, ज्योतीनगर

(सही) डॉ. ऋतुराज देवगावकर. लिहिणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे. प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला तिकीट दाखवले.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ जानेवारी २०२६